वाटेवरचे निसर्गचित्र

उघड्यावर बसून निसर्गचित्र रंगवताना ऊन सरकते, वारा सुटतो, ढग येतात, माणसे भोवती जमतात. घराजवळ चित्र काढणाऱ्यालाही हे सारे सोसावे लागते; पण त्याच्या हाताशी उद्याचा दिवस असतो. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला राहून आकाशाची कितीतरी छोटी तैलचित्रे केली आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. आज ढग मनासारखे नसले, तर उद्या पुन्हा तिथेच बसता येत होते. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर वर्षानुवर्षे रंगवला. ते पाणी आणि तो काठ कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रहरी कसा दिसतो हे त्यांच्या हाताला पाठ होते. प्रवासी चित्रकाराला यातले काहीच मिळत नाही. गाडी ठरल्या वेळी सुटणार असते, सोबतच्या मंडळींना पुढच्या मुक्कामाची घाई असते आणि समोरचा डोंगर पुन्हा कधी दिसेल याची खात्री नसते. प्रवासातल्या निसर्गचित्राच्या बहुतेक अडचणी वेळेच्या या एका तुटवड्यातून निघतात. त्यावर चित्रकारांनी शोधलेले उपायही याच प्रश्नाशी येऊन मिळतात: थोड्या वेळात जागेवर काय घ्यायचे आणि काय नंतरसाठी सोडायचे.

एके काळी रंग घेऊन प्रवास करणे हेच मोठे काम होते. तैलरंग चित्रशाळेत खलून तयार करत आणि तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवीला भोक पाडून रंग पिळून काढायचा आणि ते भोक छोटा खिळा खोचून बुजवायचे. पिशव्या फुटत, आतला रंग सुकून जाई. जलरंगांची अडचण आधी सुटली. विल्यम आणि थॉमस रीव्ह्ज या भावांनी लंडनमध्ये जलरंगांच्या घट्ट वड्या बनवल्या. त्यासाठी १७८१ साली त्यांना तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने गौरवले. १८३०च्या दशकात ग्लिसरीन घातलेल्या, ओला कुंचला लागताच विरघळणाऱ्या वड्या बाजारात आल्या. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढता येईल अशा कथलाच्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि तैलरंगही खांद्यावरच्या पिशवीत मावू लागले. त्याच सुमारास युरोपात रेल्वेचे जाळे पसरत होते. फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी नदीकाठी, शेतात, समुद्रावर जाऊन जी चित्रे पूर्ण केली, त्यांना या दोन्हींचा आधार होता.

त्याआधी भारतात येऊन चित्रे काढणाऱ्यांचे कष्ट म्हणूनच थक्क करणारे वाटतात. थॉमस डॅनियल आणि त्याचा किशोरवयीन पुतण्या विल्यम १७८६ साली कलकत्त्यात उतरले. पुढच्या सात वर्षांत ते उत्तरेत गढवालपर्यंत, दक्षिणेत म्हैसूर आणि मद्रास मुलखात आणि शेवटी १७९३ साली मुंबईला पोहोचले. त्यांच्याकडे कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. या अंधाऱ्या पेटीत भिंगातून आलेले दृश्य कागदावर उमटते आणि पेन्सिलीने गिरवता येते. देवळांचे खांब, घाटांच्या पायऱ्या, किल्ल्यांच्या तटबंदी यांची प्रमाणे त्यातून लवकर मिळत. मुंबईत त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. वेल्स पेशवे दरबारात व्यक्तिचित्रे करत होता आणि पश्चिम भारतातल्या लेण्यांची चित्रे जमवत होता. पुण्याचा गंगाराम तांबट हा कलावंत याच काळात चार्ल्स मॅलेट या पेशवे दरबारातल्या इंग्रज वकिलासाठी लेणी रेखाटत होता. लेण्यांचे आपले काम पुरे होण्याआधीच १७९५ साली वेल्स वारला. त्याच्या रेखाटनांवरून वेरूळची छापचित्रे थॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये काढली.

साहित्य हलके झाले, तरी प्रकाश आपल्या गतीनेच चालतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत सूर्य आकाशात तीस अंश पुढे गेलेला असतो. सुरुवातीला घराच्या डाव्या भिंतीवर असलेली सावली उजवीकडे येते. उजळलेला कडा काळवंडतो आणि मघाशी काळोखात असलेली घळ सोनेरी होते. हे बदल कागदावर घेत गेले, की एका चित्रात तीन वेगळ्या वेळांचे ऊन जमा होते आणि पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी चित्र खोटे वाटते. फ्रेंच चित्रकार पिएर-आंरी द व्हॅलेंसिएनने १८०० साली निघालेल्या आपल्या ग्रंथात याचा हिशेब मांडला होता. बाहेर केलेला अभ्यास दोन तासांपेक्षा जास्त लांबवू नये आणि सूर्योदय किंवा सूर्यास्ताचे दृश्य असेल तर अर्ध्या तासात हात थांबवावा, असा त्याचा सल्ला होता.

भारतात हा हिशेब आणखी आवळावा लागतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या प्रदेशात सूर्य बराच उभा चढतो आणि उभाच उतरतो. जून महिन्यात लंडनला सूर्यास्तानंतरचा कामापुरता उजेड पाऊण तास टिकतो. मुंबईत तो वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. जुलैत आकाश बहुधा झाकलेले असते, पण मे महिन्यातल्या त्या चपट्या उजेडात डोंगराचे उतार, झाडांचे घुमट, घरांचे कोपरे आपला आकार हरवून बसतात. चित्रकाराला खरोखर उपयोगी पडणारे तास सकाळी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचे आणि दुपारी चारनंतरचे. नेमक्या याच वेळी प्रवासी एका गावाहून दुसऱ्या गावी निघालेला किंवा पोहोचत असतो. म्हणून जाणकार चित्रकार प्रवासाची आखणीच उलटी करतात. मधले तास रस्त्यावर घालवायचे आणि दिवसाची दोन्ही टोके मुक्कामाच्या जागी मोकळी ठेवायची. साहित्यावर कितीही खर्च केला तरी या एका शिस्तीइतका फायदा होत नाही.

जागेवर बसल्यावर पहिली काही मिनिटे रंगांना हात न लावणे हिताचे असते. तळहाताएवढ्या चौकटीत पेन्सिलीने तीन किंवा चार छटांत गडद-फिकट भागांची वाटणी करून घेतली, की चित्राचा सांगाडा आणि सावल्यांची दिशा दोन्ही ठरून जातात. त्यानंतर ऊन कितीही सरकले तरी चित्रकार त्या छोट्या रेखाटनाला बांधलेला राहतो. जलरंगात काम करणारे अनेक जण सावल्यांचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सगळीकडे एकदमच देतात, त्यामागेही हेच कारण आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने वेगळा मार्ग काढला होता. रूआँच्या कॅथेड्रलसमोर १८९२ आणि १८९३ साली तो एका वेळी अनेक कॅनव्हास घेऊन बसे आणि उजेड बदलला की दुसरा कॅनव्हास उचले. त्यासाठी समोरच्या इमारतीत भाड्याची जागा आणि हाताशी कित्येक आठवडे लागतात. प्रवाशाने यातून घ्यायचे ते एवढेच, की उजेड बदलला तर चालू चित्र बदलू नये; छोट्या आकाराचे नवे चित्र सुरू करावे.

आकार लहान ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतच नाही. विस्तीर्ण दृश्य पाहिले की कागदही विस्तीर्ण हवा असे वाटते आणि तिथेच वेळेचे गणित चुकते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर उभे राहिल्यावर डोळा क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतो, मान वळते आणि मन त्या साऱ्याचे एक चित्र करते. कागदाला ते जमत नाही. कागदावर मावतो तो मान न वळवता दिसणारा तुकडा. पुठ्ठ्यात कापलेली आयताकृती खिडकी डोळ्यासमोर धरून तो तुकडा निवडणे ही जुनी युक्ती आजही सगळ्यात विश्वासाची आहे. प्रसिद्ध ‘पॉइंट’वरून दिसणारे दृश्य चित्रासाठी चांगले असतेच असे नाही. उलट तिथे सगळे सारख्याच अंतरावर, खाली पसरलेले असते. जवळचे काही नसल्यामुळे खोली मिळत नाही. थोडे खाली उतरून एखादे झाड, धोंडा किंवा वाटेचे वळण पुढे घेतले की मागचा डोंगर आपोआप मागे जातो.

अनोळखी प्रदेशात रंगांच्या सवयीही उलट्या पडतात. चित्रकाराच्या हाताला आपल्या मुलखाचे मिश्रण माहीत असते आणि परमुलखात तो नकळत तेच वापरतो. देशावरच्या उन्हाळ्यातल्या पिवळट मातीला, सुकलेल्या गवताला आणि धुरकट क्षितिजाला सरावलेला चित्रकार श्रावणात कोकणात उतरला की त्याच्यापुढे हिरव्याचे संकट उभे राहते. भाताची खाचरे, आंब्याची पाने, शेवाळलेले गडगे, दूरचा सह्याद्री, सगळेच हिरवे. ट्यूबमधला तयार हिरवा सगळीकडे लावला तर चित्र कच्चे दिसते. खाचरांच्या हिरव्यात पिवळा जास्त, आंब्याच्या पानांत बर्न्ट सिएनासारखा तपकिरी, दूरच्या डोंगरात निळा अशी प्रत्येक हिरव्याची वेगळी मोड करावी लागते. आणि कुठेतरी जांभ्या दगडाचा तांबडा किंवा कौलांचा लालसर भाग शोधून हिरव्याला विसावा द्यावा लागतो. म्हणून नव्या प्रदेशातले पहिले एक-दोन अभ्यास केवळ रंग जुळवण्यासाठी केलेले बरे. इंदूरला दत्तात्रय देवळालीकर यांच्याकडे उघड्यावर चित्रे काढायला शिकलेल्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी पुढे काश्मीरमध्ये राहून काम केले. माळव्याचे ऊन आणि काश्मीरचे ऊन यांना एकाच पॅलेटवर बसवता येत नाही, हे अशा मुक्कामाशिवाय उमगत नाही.

अंतराचा अंदाज चुकतो तो हवेमुळे. आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेत प्रकाश विखुरतो. निळा जास्त विखुरतो, म्हणून दूरचे डोंगर निळसर आणि फिकट दिसतात. चित्रात खोली आणण्याचे हे सर्वांत मोठे साधन. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीत धूळ आणि धूर इतका असतो की दुसऱ्या-तिसऱ्या रांगेनंतर डोंगर विरून जातात, आणि पावसाने हवा धुतली की तेच डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटतात. लडाखमध्ये तर हे साधन जवळजवळ हातातून निसटते. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये हवा विरळ आणि कोरडी असते. वीस किलोमीटरवरच्या कड्याच्या भेगाही स्पष्ट दिसतात. दिसते तसे रंगवले तर डोंगर अंगावर आल्यासारखा आणि लहान वाटतो. त्याचा आकार कळण्यासाठी पायथ्याची झाडे, घर, याक असे मोजमाप चित्रात ठेवावे लागते. दार्जिलिंगहून दिसणाऱ्या कांचनजंगेची अडचण आणखी वेगळी आहे. एडवर्ड लिअर हा इंग्लिश चित्रकार आणि विनोदी कवी जानेवारी १८७४ मध्ये तिथे पोहोचला. ८,५८६ मीटर उंचीचे ते शिखर, मधल्या खोल दऱ्या आणि जवळची दाट झाडी यांना एका चौकटीत बसवायचे तर प्रत्येक टप्प्याचा रंग वेगळा राखावा लागतो, आणि ढग तर तासभरही शिखर मोकळे ठेवत नाहीत. लिअरने जागेवर रेखाटने जमवली आणि मोठी तैलचित्रे नंतर आपल्या चित्रशाळेत केली.

जलरंग म्हणजे पाणी सुकण्याचा खेळ, आणि सुकण्याचा वेग हवा ठरवते. कोकणात पावसाळ्यात आकाशाचा पहिला वॉश अर्धा तास ओलाच राहतो. त्यावर डोंगराची कड काढली की ती पसरून धुक्यासारखी होते. डोंगर धुक्यातच असेल तर हा गुण आहे, नसेल तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही. एका वेळी दोन कागद सुरू ठेवणे किंवा ओला कागद गाडीच्या इंजिनाच्या उबेवर धरणे असे उपाय चालतात. लडाख किंवा कच्छच्या कोरड्या वाऱ्यात नेमके उलटे होते. कुंचला कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायच्या आत पहिले टोक सुकते आणि मधे कडा पडतात. तिथे कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेणे, मोठा कुंचला वापरणे आणि रंगात थेंबभर ग्लिसरीन घालणे उपयोगी पडते. कागदही हवा पितो. दमट जागी महिनोन्‌महिने ठेवलेल्या कागदाची खळ बिघडते आणि रंग टाकताच ठिपके ठिपके उमटतात. म्हणून पावसाळी प्रवासात कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेला बरा. अशा हवेत साधा कार्ट्रिज कागद फुगून त्याला लाटा पडतात. तीनशे जीएसएमचा किंवा चारी बाजूंनी चिकटवलेल्या ठोकळ्यातला कागद महाग वाटला तरी प्रवासात तोच घ्यावा.

वारा, वाळू आणि किडे यांच्या खुणा तर थोर चित्रांतही राहून गेल्या आहेत. विन्सेंट व्हॅन गॉगने १८८२ साली हेगजवळच्या शेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर वादळी हवेत समुद्र रंगवला, त्या चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या नेल्सन-अॅटकिन्स संग्रहालयात असलेल्या त्याच्या १८८९ सालच्या ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात २०१७ मध्ये रंगात रुतलेला नाकतोडा सापडला. दक्षिण फ्रान्समध्ये मिस्ट्राल नावाचा जोराचा वारा सुटे, तेव्हा व्हॅन गॉग ईझलचे पाय जमिनीत रोवून प्रत्येक पायाशेजारी अर्ध्या मीटरची लोखंडी खुंटी ठोके आणि दोरीने सारे बांधून टाके. आज बरेच जण ईझलच्या मध्यावर दगडांनी किंवा पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी टांगतात. त्याहून सोपे म्हणजे ईझल न नेता जमिनीवर बसून बोर्ड मांडीवर घेणे. भारतातल्या कित्येक जलरंगकारांनी आयुष्यभर तसेच काम केले आहे.

समुद्र मात्र असल्या व्यवस्थेला दाद देत नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये फ्रान्सच्या एत्रता किनाऱ्यावर कड्याखाली चित्र काढताना मोनेचा भरतीचा अंदाज चुकला. लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि ईझल, रंग, कॅनव्हास सगळे समुद्रात गेले. सिंधुदुर्ग किंवा हरिहरेश्वरच्या खडकांवर बसणाऱ्याने भरती-ओहोटीची वेळ गावातल्या मच्छीमाराला विचारून घेणे हे चित्राच्या तयारीइतकेच महत्त्वाचे आहे. पॉल सेझानला तर उघड्यावरचे काम जिवावर बेतले. ऑक्टोबर १९०६ मध्ये तो चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला, भिजून कोसळला आणि आठवड्याभरात गेला. सह्याद्रीत वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आकाश काळे होऊ लागले की उघड्या पठारावरचे सामान तडक आवरावे. विजेच्या वेळी धातूच्या ईझलशेजारी थांबणे धोक्याचे आहे.

थंडीत जलरंग गोठतो. रॉबर्ट स्कॉटच्या दोन्ही अंटार्क्टिक मोहिमांत असलेला डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन बर्फावर फक्त पेन्सिल वापरे, रेखाटनावर रंगांची नावे लिही आणि तळावरच्या झोपडीत परतल्यावर जलरंग करे. पेन्सिलीसाठीही हातमोजे काढावे लागत आणि काही मिनिटांत बोटे बधिर होत. डिसेंबर १९०२ मध्ये गॉगल काढून रेखाटत राहिल्यामुळे त्याला हिमांधत्व आले आणि डोळ्यांच्या असह्य वेदना सोसाव्या लागल्या. हिमालयात जाणाऱ्या चित्रकारांनी हा प्रसंग गंभीरपणे घ्यायला हवा. दर हजार मीटर चढाईला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि बर्फ ते परत डोळ्यांवर फेकतो. रशियन चित्रकार निकोलस रोरिख यांची मोहीम १९२७-२८च्या हिवाळ्यात तिबेटच्या पठारावर अडकून पडली होती. हिमालयाच्या त्यांच्या पुष्कळ चित्रांसाठी त्यांनी लवकर सुकणारा टेंपेरा वापरला.

मैदानातही डोळा फसतोच. भर उन्हातला प्रकाश घरातल्या दिव्याच्या शेकडोपट असतो. उन्हात धरलेला पांढरा कागद इतका चकाकतो की त्यावरचा प्रत्येक रंग फिका वाटतो आणि चित्रकार नकळत तो गडद करत जातो. संध्याकाळी मुक्कामी उघडून पाहावे, तर चित्र काळपट. उपाय एकच: कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीत. रंगीत छत्री नको, कारण लाल किंवा निळ्या कापडातून येणारा उजेड सगळी मिश्रणे बिघडवतो. पांढरी किंवा करडी छत्री, टोपी आणि दृश्याकडे तिरपे बसणे पुरते. गडद काचेचा चष्मा लावून रंगवणेही चुकीचे. आणखी एक अडचण काही केल्या सुटत नाही. उन्हातला पांढरा ढग आणि झाडाखालचा काळोख यांच्या उजेडात हजारपटीहून जास्त फरक असू शकतो, तर कागदाचा पांढरा आणि रंगाचा काळा यांत तो काही दहापट असतो. निसर्गातले ऊन कागदावर जसेच्या तसे येऊ शकत नाही. कुठला तरी भाग मुद्दाम दाबून उन्हाचा भास निर्माण करणे एवढेच चित्रकाराच्या हाती असते, आणि कौशल्य तिथेच लागते.

सामानाबाबत अनुभवी माणसे दरवर्षी काहीतरी कमी करत जातात. रंगांच्या बारा वड्या, दोन गोल कुंचले आणि एक चपटा, पाण्याची झाकणाची डबी, पेन्सिल, चिमटे, फडके आणि टपालाच्या पाकिटाएवढ्या कागदांचा ठोकळा एवढ्यावर बरेच मोठे काम होते. उंचीवर दाब कमी झाल्याने ट्यूब गळतात, वड्यांना ते भय नाही. तैलरंगवाल्यांना जास्त अटी पाळाव्या लागतात. टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्याने विमानात नेता येत नाही आणि रेल्वेतही ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास मनाई आहे. ते मुक्कामाच्या गावी घ्यावे लागते, मिळाले तर. रंगाच्या ट्यूब जवस किंवा करडईच्या तेलात खललेल्या असतात आणि सहसा पेट घेत नाहीत, पण सुरक्षा तपासणीत हे समजावताना कंपनीचे माहितीपत्रक जवळ असलेले बरे. पॅलेट नाइफ हातातल्या पिशवीत ठेवला तर जप्त होण्याची शक्यता असते. आंतरराष्ट्रीय विमानात केबिनमधल्या द्रवाच्या बाटलीला बहुतेक ठिकाणी शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे.

बाहेर बसलेला चित्रकार क्वचितच एकटा राहतो. नाशिकच्या गोदाघाटावर, वाईला किंवा मुंबईच्या बाणगंगेवर कलाशाळांचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत, त्यामुळे तिथल्या लोकांना त्याचे नवल उरलेले नाही. पण एखाद्या आडगावात कागद उघडला की शाळेतली पोरे, गुराखी, पानटपरीवरची माणसे कडे करतात. प्रश्न येतात, सूचना येतात, कोणी आपले चित्र काढून मागतो. याचा ताण येतो हे खरे, विशेषतः नवशिक्यांना आणि एकट्या फिरणाऱ्या स्त्री चित्रकारांना. भिंतीला पाठ लावून बसले की मागून गर्दी होत नाही, आणि आधी चहाच्या टपरीवर दोन शब्द बोलून घेतले की गावच पाहुण्याची राखण करू लागते. गर्दीला केवळ त्रास समजणे मात्र अन्यायाचे आहे. कोणत्या घाटावर सकाळी ऊन आधी येते, जुना वाडा कोणत्या गल्लीत आहे, नदीला पाणी कधी सुटते, ही माहिती कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नसते. ती या माणसांकडेच मिळते.

परवानगीचा प्रश्न त्यामानाने कडक आहे. रेखाटन करणारा परका माणूस हेर समजला जाणे फार जुने आहे. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थला १७४८ साली फ्रान्समधल्या कॅले शहराचा दरवाजा रेखाटताना याच संशयावरून पकडले होते. भारतात १९२३च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार प्रतिबंधित ठिकाणांची रेखाटने करणे हा गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे लष्करी ठाणी, गोदी, तळ आणि सीमाभाग यांच्या आसपास वही उघडण्याआधी चौकशी करावी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत वहीत रेखाटायला सहसा कोणी अडवत नाही. तिवई किंवा ईझल उभी करायची तर आधी परवानगी विचारणे योग्य. देवळात आणि दर्ग्यात पाण्याचे डबे कुठे ठेवावेत, पाय कुणाकडे करून बसावे, एवढे भान पुरते.

इतके सांभाळूनही जागेवर चित्र पूर्ण होईलच असे नाही, आणि मोठ्या प्रवासी चित्रकारांनी तसा आग्रह धरलाच नाही. इंग्लिश चित्रकार टर्नर प्रवासात बहुतांशी पेन्सिलच चालवी, कारण एक रंगीत अभ्यास करण्याच्या वेळात पंधरा-सोळा पेन्सिल रेखाटने होतात असा त्याचा हिशेब होता. त्याच्या सुमारे तीनशे वह्या लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. लिअर नोव्हेंबर १८७३ ते जानेवारी १८७५ या काळात भारत आणि श्रीलंकेत फिरला. जागेवर भराभर पेन्सिल रेखाटन करायचे, त्यावर ठिकाण, तारीख आणि वेळ घालायची, झाडावर ‘गडद’, वाळूवर ‘फिकट पिवळी’ अशा नोंदी टिपायच्या आणि नंतर सवडीने शाईच्या रेषा ओढून हलके रंग भरायचे, अशी त्याची रीत होती. त्याची यातली पुष्कळ रेखाटने हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात जपली आहेत आणि ती पाहताना त्याच्या तयार तैलचित्रांपेक्षा जास्त ताजी वाटतात.

मोबाइलमुळे या नोंदींची गरज संपली असे पुष्कळांना वाटते. फोटो आकार आणि तपशील अचूक ठेवतो, हे मान्यच आहे. पण सावलीतले रंग तो बऱ्याचदा काळे करतो, उजळ आकाश पांढरे करतो, रुंद भिंगामुळे दूरचा डोंगर बुटका करतो आणि प्रत्येक पानाला सारखेच महत्त्व देतो. सावलीत निळसर झाक होती की जांभळट, डोंगर आकाशापेक्षा गडद होता की फिकट, हे डोळ्यानेच ठरवावे लागते. त्यामुळे फोटोसोबत दहा मिनिटांचा छोटा रंगीत अभ्यास केला, तर घरी आल्यावर फोटोतून आकार आणि अभ्यासातून रंग घेता येतो. अभ्यास नसेल तर चित्र फोटोचेच होते, आणि जाणत्या डोळ्याला ते लगेच ओळखू येते.

झालेली चित्रे सुखरूप घरी नेणे हा शेवटचा टप्पा. जलरंग पूर्ण सुकल्यावर मधे पातळ बटर पेपर घालून दोन कडक पुठ्ठ्यांत बांधावेत. गुंडाळी केली तर जाड कागदावर मोड पडतात. पेस्टल आणि कोळशाची रेखाटने फिक्सेटिव्हशिवाय पुसली जातात, आणि फिक्सेटिव्हचा फवारा विमानात चालत नाही. म्हणून लांबच्या प्रवासात ही माध्यमे टाळलेली बरी. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश सुकतो. बर्न्ट अंबरसारखे मातीचे रंग दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासे होतात, पण टायटॅनियम पांढरा आणि कॅडमियमचे रंग आठवडाभर किंवा त्याहून जास्त ओले राहतात. त्यासाठी खाचा असलेली लाकडी पेटी वापरतात, किंवा दोन बोर्ड समोरासमोर ठेवून चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालून बांधतात. मुक्कामाच्या शेवटच्या दोन दिवसांत पातळ रंगाचेच काम करावे. घरी आल्यावर आठवडाभराच्या आत प्रत्येक चित्राच्या मागे ठिकाण, तारीख, वेळ आणि वापरलेले रंग लिहावेत, आणि पावसाळी मुलखातून आणलेले कागद कपाटात ठेवण्याआधी दोन-चार दिवस मोकळ्या हवेत सावलीत सुकवावेत, नाहीतर बुरशीचे तपकिरी ठिपके पहिल्या वर्षातच आकाशात उमटतात.